खोडलेला व्हाळ

वंदना,

तुझ्या जलदान विधीला मी आले होते. विहारात तिसऱ्या रांगेत बसले होते. तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही तू किती हसतमुख होतीस ते सांगितलं. अकरा वर्षं मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर काढली, मला तू हसतमुख वगैरे कधी वाटली नाहीस. दहावीचे पेपर तपासताना तुझ्या कपाळावर अशा आठ्या पडायच्या की मुलं दारातूनच परत जायची. पण अशा कार्यक्रमात आठ्यांबद्दल कुणी बोलत नाही. मलाही दोन शब्द बोलायला सांगत होते. घसा बसलाय म्हणून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता.

शेवटी मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की भूगोलाच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर तुझा शब्दांचा नकाशा रंगवायचा, खाली तुझं नाव घालून. मग ऋतुजा माझ्याकडे आली. तुझी मुलगी आता तुझ्याहून उंच दिसते. म्हणाली, "मावशी, आईची यादी तुम्हाला पाठवते. रंगवायच्या आधी एकदा नजर घाला ना. आई म्हणायची, नीलाने तपासलं म्हणजे मग बघायला नको."

यादी त्याच संध्याकाळी मोबाइलवर आली. त्यात एक चूक होती. ती तुझी नाही, माझी आहे, आणि सोमवारी पेंटर येणार आहे. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुझ्यासाठी रडून झालंय, ते घरी रडले, त्याचं इथे काही नको.

तू शाळेत आलीस तो दिवस मला नीट आठवतो. घाटकोपरची आपली मराठी शाळा, सहावीचा वर्ग, मी बाजूच्या वर्गात व्याकरण शिकवत होते आणि मधली भिंत अर्धीच होती. तू विचारलंस, "पूर्व कुठे असते?" एक मुलगी म्हणाली, "बाई, ब्रिज उतरलं की." सगळा वर्ग गंभीर होता. इकडे मी हसू दाबत उभी. मधल्या सुट्टीत तू मला म्हणालीस, "हसताय काय? बरोबर उत्तर आहे. इथल्या माणसाची पूर्व रुळांनीच ठरवलीय." त्या दिवशी आपण एकमेकींना 'अहो' म्हणत होतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 'अगं'वर आलो.

भांडण तेव्हापासूनच. तुझं म्हणणं एका वाक्यात मावायचं: मधे डोंगर आला की माणसं कमी भेटतात, कमी भेटली की शब्द वेगळे पडतात. भाषा आधी जमिनीने केली, मग माणसांनी. मी मराठीची बाई, मला हे पटण्यातलं नव्हतं. मी म्हणायचे, भाषा बाजाराने होते, लग्नांनी होते, शाळेने होते. घाटातून गाडी सुटली की डोंगर संपला. तू म्हणायचीस, "गाडी कालची गं. डोंगर कधीचा आहे?" शिपाईमामा चहा ठेवून जायचे आणि तो गार व्हायचा.

तुझा पुरावा तुझ्या वस्तीत होता. तुम्ही राहायचात ती वस्ती डोंगराच्या उतारावर. खालच्या गल्ल्यांत आधी आलेले तुमचे साताऱ्याकडचे, त्यांच्या वर बीड-जालन्याचे, अगदी वर उशिरा आलेले उत्तरेकडचे. तू उंचीवरून माणसाचं गाव सांगायचीस. मी म्हटलं, "हा भूगोल नाही, हे नळाचं प्रेशर आहे. आधी आला त्याने पाणी येतं तिथे घर बांधलं." तू म्हणालीस, "प्रेशर म्हणजे भूगोलच की!"  मला ते पटलं होतं, पण तसं मी कबूल केलं नाही.

तू पाण्याला 'पानी' म्हणायचीस. मुलांसमोर, पालकांसमोर, तपासणीला आलेल्या साहेबांसमोरसुद्धा. मी एकदा हळूच सुचवून पाहिलं, तर म्हणालीस, "का? पानी म्हटलं तर तहान भागत नाही?"  मला तुझा राग आला होता, आणि हेवाही वाटला होता. त्या दोन्हींतलं जास्त काय होतं ते तेव्हा कळलं नाही.

नकाशाची कल्पना नववी-ब मधून निघाली. सह्याद्रीचा धडा चालू होता. तू मुलांना सांगितलंस, घरी जाऊन आजी-आजोबांना, आई-बापांना विचारा: गावात नदीपेक्षा लहान, पावसाळ्यात भरून वाहणारं जे पाणी असतं त्याला तुम्ही काय म्हणता? एका चिठ्ठीवर शब्द लिहा, खाली गावाचं नाव लिहा. चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाका. आठवडाभरात डबा भरला. तुमच्या साताऱ्याकडच्यांनी 'ओढा' लिहिलं होतं, बुलढाण्याकडच्यांनी 'नाला'. ज्यांना गावच उरलेलं नव्हतं त्यांनीही 'नाला'च लिहिलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वस्तीमागचं काळं पाणी होतं. तू या दोन नाल्यांना वेगळे रंग दिलेस.

त्या डब्यापायी आपण शनिवार-शनिवार हिंडलो. वर्सोव्याहून होडीने मढला गेलो, खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिथल्या कोळीणबाईंना तू विचारलंस, पलीकडचे आणि तुम्ही एकसारखंच बोलता का? त्या पापलेट साफ करता करता म्हणाल्या, "त्या पल्याडच्या ना, तोंड उघडलं का समजतंय." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू खाडी तूच खणली होतीस. परतीच्या होडीत मी म्हटलं, एका बाईच्या बोलण्यावरून काही सिद्ध होत नाही. "नाही होत," तू म्हणालीस, "पण मजा आली की नाही?"

आणि बोरिवलीच्या जंगलातला तो पाडा. रस्त्याकडेला करवंदं घेऊन बसलेली मावशी. मागे दगडांतून बारीक धार वाहत होती.

"मावशी, याला काय म्हणता तुम्ही?"

"हा? हा आंब्याचा. पलीकडं आहे तो वाघाचा."

"तसं नाही, या सगळ्यांना मिळून काय म्हणता?"

तिने आपल्या दोघींकडे पाहिलं. "सगळ्यांना मिळून कशाला हाक मारायची?"

तू इतकी खूश झालीस की कागद सापडेना म्हणून तळहातावर लिहून घेतलंस. मग डोंगराकडे बोट दाखवून मला म्हणालीस, "याच्या पाठीमागे मुलुंड आहे. पक्षी दहा मिनिटांत जाईल. तुझी माझी मावशी बोरिवलीत दिली असती तर मुलुंडला वर्षातून एकदा आली असती." आता त्याच डोंगराखालून बोगदा निघतोय. तो झाला की कोण कुणासारखं बोलायला लागतं ते बघू, असं तू म्हणाली होतीस. ते बघायचं आता माझ्या एकटीवर आलं.

या हिंडण्यात तू तुझ्या गावच्या ओढ्याबद्दल एकदाच बोललीस. मढच्या जेटीवर होडीची वाट पाहताना. "आमचा ओढा म्हणजे दहा महिने वाळू गं," म्हणालीस. "आणि ओढा एक असला तरी पाणवठे दोन. गावाचा वरच्या अंगाला, आमचा खालच्या. पानी वरून खाली येतं, हे मी भूगोलाच्या पुस्तकाआधी शिकले." मग होडी आली. तू आधी चढलीस आणि मला हात दिलास. 

आता चुकीकडे येते.

चिठ्ठ्या तू मला तपासायला दिल्यास. शुद्धलेखनासाठी, तेवढ्यासाठीच. त्यात चार चिठ्ठ्या कोकणातल्या होत्या. तीन चिठ्ठ्यांवर 'व्हाळ' होतं, सिंधुदुर्गातल्या गावांची नावं खाली. चौथी रत्नागिरीकडची, तिच्यावर 'पऱ्या'. माझ्या हातात लाल पेन होतं. मी चारही शब्द खोडले आणि वर 'ओढा' लिहिलं.

तू विचारलंस, "हे का गं?"

मी म्हटलं, "ती बिघडलेली रूपं आहेत. पोरांनी ऐकलं तसं लिहिलंय. खरा शब्द ओढाच."

"नक्की ना? तुझं गाव तिकडचंच."

"म्हणून तर सांगते. आमच्याकडे ओढाच म्हणतात."

वंदना, आमच्या गावच्या घराच्या मागे व्हाळ आहे. आई धुणं घेऊन तिथे जायची. मी पोहायला शिकले ती तिथेच. गिरणी बंद पडल्यावर बाबा गावाला परत गेले, तेव्हा शेवटपर्यंत संध्याकाळी त्या व्हाळाच्या काठी बसायचे. 'ओढा' हा शब्द आमच्या घरात कुणी कधी तोंडातून काढलेला नाही. मी तो पुस्तकात वाचला, आणि पुस्तकातला म्हणून तो खरा ठरवला.

तुझा निष्कर्ष त्या चार चिठ्ठ्यांवर टेकला होता. घाटावर ओढा आणि घाटाखालीही ओढा, तर मग डोंगराने काही केलं नाही. तू दोन दिवस ती यादी उलटीपालटी करून बघितलीस. मला विचारलंस, "तुमच्याकडे पानी वर्षभर वाहतं, आमच्याकडे वाळू. आणि शब्द एकच कसा?" मी खांदे उडवले. तिसऱ्या दिवशी तू नववी-ब समोर उभी राहिलीस. मी शेवटच्या बाकावर होते, तूच बोलावलं होतंस. म्हणालीस, "माझा अंदाज होता की सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन शब्द सापडतील. अंदाज चुकला. नीलाबाई म्हणत होत्या ते बरोबर निघालं. अंदाज चुकला की आपण नकाशा बदलायचा, डोंगर नाही." मुलं हसली. त्या चार चिठ्ठ्या आणणारी मुलंही हसली. आपल्या घरात शब्द चुकीचा बोलतात, असं ती त्या दिवशी शिकून गेली.

तेव्हाच उठायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

हे मी का केलं त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मी सातवीत असताना आई डबा द्यायला शाळेच्या फाटकाशी आली होती. सगळं मैदान भरलेलं, आणि ती गावच्या शेतात उभी असल्यासारखी ओरडली, "गो नीला, डबो इसारलंस! लक्ष खंय आसता तुझा?" महिनाभर मला वर्गात 'गो नीला' म्हणत होते. त्यानंतर मी घरात मालवणी आणि उंबऱ्याबाहेर पुस्तकातली मराठी बोलू लागले, आत 'आवस' आणि बाहेर 'आई', ते आजतागायत. उंबरा ओलांडताना जीभ बदलायची इतकी सवय झाली की आपण काही लपवतोय असं वाटेनासंच झालं. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. लोक म्हणायचे, परबबाईंची भाषा अगदी पुण्याची वाटते. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि याच गोष्टीचा दुसरा धागा आहे, तो नकाशापेक्षा जड आहे.

मी तुझ्याकडे कितीदा जेवले? तुझ्या हातचं पिठलं, बाजरीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. ऋतुजाच्या बारावीच्या निकालाचे पेढे मी तुझ्या घरी बसून खाल्ले. आणि तू माझ्याकडे? आई असेपर्यंत एकदाही नाही. आपली घरं चालत वीस मिनिटांवर. तू एकदा म्हणालीस, "काल तुझ्या चाळीवरून गेले. दुसऱ्या मजल्यावर तुळस आहे ते तुमचंच ना?" मी म्हटलं, "घर लहान आहे गं. आईलाही बरं नसतं." "असू दे," तू म्हणालीस, आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ओढलास.

आई धडधाकट होती. दुपारभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. तू आली असतीस तर तिने तुला दोन तास सोडलं नसतं. गावचं घर, परसदार, घराच्या मागसून व्हावणारा व्हाळ, सगळं सांगितलं असतं. आणि तू वही काढली असतीस.

आई गेली तेव्हा तू आलीस. पहिल्यांदा. दाराबाहेर चपला काढून उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "आत येऊ का?"

इतक्या वर्षांच्या मैत्रिणीने मला हे विचारलं. त्या दिवशी माझी आई गेली होती म्हणून त्या प्रश्नाकडे माझं लक्ष गेलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. लक्ष गेलं होतं. गावाहून आलेल्या मावश्या, काकी आत मोठमोठ्याने बोलत होत्या, रडत होत्या, सगळं मालवणीत. तू त्यांच्यात अर्धा तास बसलीस. निघताना जिन्यात माझा हात धरून म्हणालीस, "तुमची बोली गोड आहे गं. कधी ऐकवली नाहीस."  तू दोन पायऱ्या उतरून थांबलीस, वळून माझ्याकडे बघितलंस, मग गेलीस.

त्या अर्ध्या तासात तुझ्या कानावर कुणाच्या तोंडून 'व्हाळ' आला असेल का? तुला तेव्हा कळलं असेल का? मी पुष्कळ विचार केला. कळलं असतं तर तू भांडली असतीस, असं वाटतं. तू भांडण सोडणाऱ्यातली नव्हतीस. पण त्यानंतर डोंगराचा विषय तू माझ्याकडे पुन्हा कधी काढला नाहीस, हेही खरं.

आणि तुला घरी का बोलावलं नाही याचं कारण तू काय समजली असशील, ते मला माहीत आहे. ज्या गावात पाणवठे दोन होते त्या गावातल्या मुलीला दुसरं काय वाटणार? मी तुला एकदाही सांगितलं नाही की ते कारण नव्हतं. आता हे लिहिताना स्वतःला विचारून पाहते, अगदीच नव्हतं का? आमच्या चाळीत कोण काय बोललं असतं, आईने कुठला कप काढला असता, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दार बंद होतं ते मुख्यतः आईच्या बोलण्यासाठी. तू दाराबाहेर राहिलीस ती राहिलीसच. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला आतलं कारण दिसत नाही.

काल दुपारी मी यादी दुरुस्त केली. सिंधुदुर्गाच्या तिन्ही गावांसमोर व्हाळ, रत्नागिरीच्या गावासमोर पऱ्या. खाली तुझं वाक्य होतं, 'या शब्दाला सह्याद्री आडवा आला नाही.' ते काढून टाकलं. त्या जागी तुझं मूळ वाक्य लिहिलं, वर्गात सांगण्याआधीचं. मला ते शब्दन् शब्द पाठ होतं, अकरा वर्षं त्याच्याशीच भांडत होते. चार मुलांची नावंही शोधून काढली. हजेरीपट सापडला. त्यातली एक आता अंधेरीला नर्स आहे, तिला फोन केला आणि तिचा शब्द बरोबर होता असं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, माझ्या लक्षातच नाही." मग म्हणाली, "आजीला सांगते."

मग ऋतुजाला फोन लावला. सगळं सांगितलं, चिठ्ठ्या, लाल पेन, नववी-ब. ती तुझ्यासारखीच मधे न बोलता ऐकते.

"म्हणजे आई बरोबर होती?"

"हो."

"आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

  मग ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? आई म्हणायची, नीला मला घरी बोलवत नाही, तिचं काही चुकत नाही, घरात मोठी माणसं असतात. मी तुमच्यावर खूप चिडायचे. ते... आईला वाटायचं तसंच होतं का?"

 पुस्तकातली मराठी मला ऐन वेळी कधी दगा देत नाही, पण काल एक वाक्य धड जुळेना. शेवटी जे तोंडात आलं ते बोलले, माझ्या आईच्या बोलण्यात. तिला ते समजलं असेल की नाही, ठाऊक नाही. तू असतीस तर लिहून घेतलं असतंस, म्हणून तुलाही सांगते.

लाज वाटा होती गो. तुझी न्हय. माझ्या आवशीची.